सोनेरी खुर्च्या आणि उस्ताद रिफअतच्या भावना

हात दाखवून अवलक्षण कसं करून घ्यावं हे शिकायचं असेल, तर उस्ताद रिफअत यांच्यासारखा गुरू इजिप्तमधल्या अख्ख्या दुम्यात शहरात मिळायचा नाही. शिक्षण खात्याचं परिपत्रक बाकीच्या शाळांमध्येही गेलं होतं. तिथल्या शिक्षकांनी ते वाचलं, घडी घातली आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवून दिलं. परिपत्रकाचा याहून चांगला उपयोग आजवर कुणाला सापडलेला नाही. पण रिफअत पडले अरबी व्याकरणाचे शिक्षक. मुलांच्या वह्यांवर लाल शाई ओतता ओतता त्यांची अर्धी हयात गेलेली. शुद्धलेखनाची चूक दिसली की त्यांना दातात खडा आल्यासारखं व्हायचं. त्या परिपत्रकात तर खड्यांची रास होती.

मजकूर साधाच होता. प्रत्येक शाळेनं एक शिक्षक 'भावनिक बुद्धिमत्ते'च्या प्रशिक्षणाला पाठवावा. त्यानं तिथे आपल्या भावना ओळखायला शिकावं, मग परत येऊन सहकाऱ्यांना शिकवावं, आणि सगळ्यांनी मिळून ते मुलांना शिकवावं. रिफअतना मजकुराशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी लाल पेन काढलं, चुकलेली रूपं दुरुस्त केली, समासात नियम लिहिले, खाली 'पुन्हा लिहावे' असा शेरा मारला आणि कागद खात्याला परत पाठवला.

आठवड्यानं उत्तर आलं. 'ज्या शिक्षकांनी या विषयात इतकी आस्था दाखवली, त्यांनाच डॉक्टर महासिन यांच्या वर्गाला पाठवावे.'

"अब्ला, मी व्याकरण सुधारलं होतं," रिफअत मुख्याध्यापिकांना म्हणाले, "आस्था दाखवली नव्हती."

मुख्याध्यापिका इनसाफ, ज्यांना सारी शाळा 'बाई' म्हणावं तसं 'अब्ला' म्हणे, चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "वरच्या लोकांना या दोन्हीतला फरक कळत असता, तर परिपत्रकात चुका कशाला झाल्या असत्या? जा. तुम्हाला गरजही आहे."

शेवटचं वाक्य त्यांनी हळू आवाजात म्हटलं. पण शिक्षकांच्या खोलीला कान असतात आणि दुम्यातच्या शिक्षकांच्या खोलीला जरा जास्तच असतात. मधल्या सुट्टीत खेळाच्या मास्तरांना इतकं हसू आलं की त्यांचा चहा नाकात गेला. कारण उस्ताद रिफअत यांचा आवाज. वरच्या मजल्यावर त्यांनी "शांतता!" म्हटलं की शाळेच्या फाटकाबाहेर 'फूल' नावाची वालासारखी उसळ विकणारा माणूस हंड्यातला पळा हवेत तसाच धरून उभा राहायचा. अशा माणसाला सरकार हळुवारपणा शिकवायला नेणार, म्हणजे उंटाला सुईतून ओवायचंच की!

शाळेतलं हसणं एक वेळ परवडलं, पण बातमी त्यांच्याआधी घरी पोहोचली.

घराच्या तळमजल्यावर मुतवल्लीचं खुर्च्यांचं दुकान. तो कारागीर, म्हणून सारी गल्ली त्याला 'उस्ता' म्हणे. हे शिक्षक, म्हणून 'उस्ताद'. मध्ये अंतर एका अक्षराचं आणि दोन जिन्यांचं. मुतवल्ली रंधा बाजूला ठेवून वाटेतच आडवा आला.

"उस्ताद, आपण शेजारी. माझ्यापासून लपवू नका. सरकारनं तुम्हाला डॉक्टरकडे पाठवलंय म्हणे?"

"अरे, ती पुस्तकं लिहिणारी डॉक्टर आहे, सुई टोचणारी नाही!"

"तेच म्हणतो मी. साध्या डॉक्टरनं भागेना, म्हणजे दुखणं खोल असणार. घाबरू नका. खर्जातला आवाज आहे तुमचा, अजून ताकद आहे अंगात."

दुसऱ्या जिन्यावर लबीब साहेब गाठ पडले. बंदरावरच्या जकात खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे वेळ आणि सल्ले दोन्ही भरपूर होते.

"रात्री बातम्या बघायच्या नाहीत, आंबट खायचं नाही," ते दबक्या आवाजात म्हणाले. "माझ्या मेव्हण्याला हेच झालं होतं."

"हेच म्हणजे काय?"

"भावना," लबीब साहेबांनी इकडेतिकडे पाहून सांगितलं. "पण लवकर लक्षात आलं म्हणून निभावलं."

संध्याकाळपर्यंत समोरच्या इमारतीतून मधाची बरणी आली, वरच्या मजल्यावरून जिलबीसारख्या मशब्बकचं ताट आलं, आणि कुणाची तरी सासू दारात उभी राहून "अल्ला बरं करील" म्हणून डोळे पुसून गेली. रिफअतनी मशब्बकचं एक वेटोळं तोंडात टाकलं आणि जन्मात पहिल्यांदाच गोड खाताना कडू चेहरा केला.

प्रशिक्षण देणाऱ्या डॉक्टर महासिन या बुटक्या, गोल चेहऱ्याच्या बाई. त्यांच्या पायात चपट्या चपला आणि खांद्याला शाळकरी मुलाचं असावं तसं दप्तर. आयुष्यभर पहिलीच्या वर्गाला शिकवून त्यांनी उतारवयात पदवी घेतली होती. हे नंतर कळलं, पण दिसायचं पहिल्यापासूनच. सत्तर शिक्षकांच्या गोंगाटात त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. त्या नुसत्या थांबायच्या. आणि त्यांच्या थांबण्यात असं काही होतं की माणसाला वाटावं, बोलणं तर आपणच सोडून दिलं.

"आता प्रत्येकानं उठून सांगायचं, तुम्हाला या क्षणी काय वाटतंय," त्या म्हणाल्या. "'अलहम्दुलिल्लाह, ठीक आहे' हे उत्तर चालणार नाही. ती प्रार्थना झाली. भावना सांगा."

'अलहम्दुलिल्लाह' वजा केल्यावर शिक्षकवर्गाकडे 'डोकं दुखतंय' आणि 'रक्तदाब वाढलाय' एवढ्या दोनच भावना शिल्लक उरल्या. त्याच फिरून फिरून येऊ लागल्या. एका गणिताच्या बाईंनी "कंटाळा" असं म्हटलं तेव्हा डॉक्टर महासिनना इतका आनंद झाला की त्यांनी टाळ्या वाजवल्या.

रिफअतची पाळी आली. ते उभे राहिले, कोट सारखा केला आणि म्हणाले, "माझा मूलभूत आक्षेप आहे. राग, दुःख, भीती ही नामं आहेत. वाक्यात स्थान दिल्याशिवाय नामाला अर्थ नसतो."

"अगदी खरं," बाई म्हणाल्या. "मग द्या ना स्थान. कर्ता तुम्ही."

आणि त्या थांबल्या.

सत्तर तोंडं वळून रिफअतकडे बघत होती. त्यांनी तोंड उघडलं. कर्ता तयार होता, पण क्रियापद येईना. आणि मग, कुठून कोण जाणे, उस्ताद रिफअत यांच्या तोंडून खिक् असा आवाज आला. त्यांनी तो खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला, तर आणखी एक आला. पुढच्या क्षणी हे भारदस्त गृहस्थ, ज्यांच्या मिशांना मुलं वचकून असत, टेबलाला धरून शाळकरी पोरासारखे खिदळत होते. थांबावं म्हणत होते आणि थांबता येत नव्हतं. सभागृहही हसायला लागलं. मागच्या बाकावरून कुणी तरी शिट्टी मारली.

डॉक्टर महासिन हसल्या नाहीत. त्या जवळ आल्या आणि सभागृहाला म्हणाल्या, "आपण हसणं थांबवू या. उस्ताद हसत नाहीयेत. ते घाबरलेत." मग अगदी हळू, फक्त त्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "होतं असं. काही माणसांची भीती दार चुकते, भलत्याच दारानं बाहेर पडते. बसा. पाणी घ्या."

रिफअत बसले. अपमानानं त्यांचे कान तापले होते. 'मी, आणि घाबरलोय?' असं त्यांनी मनातल्या मनात दहादा खडसावून विचारलं. आतून कुणी तरी दहादा 'हो' म्हणालं. आणि मग, पाण्याचा पेला अर्ध्यावर असताना, त्यांना हातिम आठवला.

हातिम म्हणजे मुतवल्लीचा मुलगा, रिफअतच्याच वर्गातला. त्याला रागवायला सुरुवात केली की तो हसायचा. हसला म्हणून जास्त रागवलं की तो जास्त हसायचा. हा पोरगा उद्धट आहे, याबद्दल सगळ्या शाळेचं एकमत होतं. रिफअतनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं, व्याकरणाचे नियम शंभर शंभर वेळा लिहायला लावले होते, आणि शेवटी जिन्यात थांबून बापाकडे तक्रारही केली होती. तक्रार केली त्या संध्याकाळी तळमजल्यावरून मुतवल्लीच्या ओरडण्याचा आवाज दोन जिने चढून वर आला होता. तेव्हा त्यांनी खिडकी लावून घेतली होती.

पेल्यातलं उरलेलं पाणी त्यांच्याच्यानं प्यायलं गेलं नाही.

आता माणसाला उपरती झाली की घरच्यांचे हाल सुरू होतात. बाईंनी स्वाध्याय दिला होता. रोज घरात एकाला तरी आपली खरी भावना सांगायची. रिफअतनी जेवायला बसल्यावर घसा खाकरला.

"करीमान, मघाशी मी आलो, आणि तू काही न बोलता आत गेलीस, तेव्हा मला एकटं वाटलं."

करीमानच्या हातातला पळा मुलूखियाच्या पातळभाजीच्या पातेल्यात बुडाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं 'मीठ' आणि 'किल्ली कुठंय' यापलीकडे मन मोकळं केलं नव्हतं. ती सावकाश खुर्चीवर बसली.

"कोण आहे ती?"

"कोण कोण?"

"जिनं हे बोलायला शिकवलं ती!"

"डॉक्टर महासिन," रिफअत प्रांजळपणानं म्हणाले. हे प्रांजळपण महागात पडलं. अर्ध्या तासात करीमानचा औषधविक्या भाऊ मोटारसायकलवरून येऊन ठेपला, मागोमाग लबीब साहेब मध्यस्थीला आले. तिघांनी मिळून रिफअतची उलटतपासणी केली. बाई साठीच्या आहेत, गोल आहेत, आणि दप्तर घेऊन येतात, हे शपथेवर सांगितल्यावर करीमान शांत झाली. मात्र जाताना तिच्या भावानं रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवली. "असू देत," तो म्हणाला. "एकटं वाटतं म्हणजे रक्तदाबच."

वर्गात तर याहून बिकट. रिफअतनी ठरवलं होतं की आवाज चढवायचा नाही. ते हळू बोलू लागले. मुलांना वाटलं, ही वादळापूर्वीची शांतता. त्यांनी श्वास रोखून धरले. वादळ आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. हातिमनं कर्म आणि कर्ता यांची अदलाबदल केली तेव्हा सगळा वर्ग टेबलाखाली जायच्या तयारीत होता. रिफअत त्याच्या बाकापाशी गेले आणि शेजारी टेकून म्हणाले, "परत बघू या हं हे वाक्य. घाई नाही." हातिम हसला नाही. त्यानं वाक्य पाहिलं आणि चूक स्वतः शोधली. तास संपल्यावर वर्गाचं शिष्टमंडळ शिक्षकांच्या खोलीबाहेर उभं राहिलं. पुढारी डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "उस्ताद, आम्हाला खरं सांगा. डॉक्टरांनी किती दिवस दिलेत?"

इथवर झालं ते नुसतं तोंडी लावणं होतं. मुख्य जेवण पुढे होतं. आता रिफअतना आपल्याच शाळेतल्या शिक्षकांचं सत्र घ्यायचं होतं, आणि ते बघायला खात्याच्या तपासनीस बाई येणार होत्या. सूचना स्पष्ट होती. सर्वांनी वर्तुळात, समोरासमोर बसावे. शाळेतले बाक जमिनीत स्क्रूनं पिळलेले. सगळे फळ्याकडे तोंड करून. गेल्या कित्येक वर्षांत शाळेत एकमेकांकडे तोंड करून बसायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

तळघराच्या भांडारात खुर्च्या होत्या. भांडारावर उस्ताद बुश्रा बसत.

"खुर्च्या आहेत," बुश्रा म्हणाले. "पण माझ्या जिम्म्यात आहेत. बाहेर काढल्या, एखादीचा पाय मोडला, तर कुणाच्या पेन्शनमधून जाणार?"

"पण खुर्च्या बसण्यासाठीच असतात ना?"

"नाही उस्ताद. सरकारी खुर्च्या मोजण्यासाठी असतात. दरवर्षी मोजतो, दरवर्षी भरतात. माणसं बसायला लागली तर भरतील का?"

वरून परवानगी आणा, असं ठरलं. वर गेलं तर त्यांनी सांगितलं, खालून अर्ज येऊ द्या. खालचा अर्ज वर गेला तेव्हा कळलं की परवानगीवर सही करणारे साहेब नेमके भावनिक बुद्धिमत्तेच्याच प्रशिक्षणाला गेले आहेत. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. ज्या गावात गल्लीगल्लीत खुर्च्या बनतात, ज्या गावच्या खुर्च्यांवर निम्मा देश बूड टेकतो, त्या गावात एका शिक्षकाला वर्तुळ करायला खुर्च्या मिळेनात.

शेवटी ते मुतवल्लीच्या दुकानात गेले.

"एवढंच ना?" मुतवल्लीनं मागचा पडदा सारला. आत सोन्याची लंका होती. वळणदार पाय, कोरलेल्या पाठी, त्यावर गुलाब, सगळ्यावर सोनेरी मुलामा आणि वरून प्लॅस्टिक. "दोघी बहिणींचं एकाच दिवशी लग्न आहे. दोघींच्या दिवाणखान्यांच्या नि जेवणाच्या टेबलांच्या मिळून खुर्च्या आहेत. परवा मुलींकडे पोचवायच्यात. उद्या न्या, संध्याकाळी आणा. बसा खुशाल, पण प्लॅस्टिक काढू नका. आणि उस्ताद, बरे व्हा लवकर."

दुसऱ्या दिवशी खेळाच्या मैदानाला लागून असलेल्या दालनात शिक्षकवर्ग सुलतानासारखा सोनेरी वर्तुळात बसला. कुणी जरा हललं की प्लॅस्टिक कुरकुरायचं, त्यामुळे सगळे आपापला फोटो काढत असल्यासारखे ताठ होते. तपासनीस बाईंना सगळ्यात मोठी, सिंहासनासारखी खुर्ची दिली होती. त्या वही घेऊन कडक चेहऱ्यानं बसल्या होत्या, पण त्यांचा हात राहून राहून कोरलेल्या गुलाबावरून फिरत होता.

"मला भूक लागलीय," खेळाच्या मास्तरांनी सुरुवात केली.

"ती भावना नाही," रिफअत म्हणाले.

"माझी तीच आहे."

रिफअतना जुना राग मानेपर्यंत चढून आला. त्यांनी तो गिळला आणि थांबले. डॉक्टर महासिन थांबायच्या तसे. थांबणं हे ओरडण्यापेक्षा किती तरी अवघड असतं, हे कुणाला सांगून पटणार नाही. जो शिक्षक थांबला आहे त्यालाच ते कळतं. कुरकुर बंद झाली. आणि त्या शांततेत, कुणाच्याही ध्यानीमनी नसताना, अब्ला इनसाफ बोलल्या.

"पुढच्या वर्षी मी निवृत्त होते. घरी मला 'अब्ला' म्हणणारं कुणी नाही. मला त्याची भीती वाटते." एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसायला घेतला. खेळाच्या मास्तरांनी मान खाली घातली. ज्यांच्या एका नजरेनं शिपाईसुद्धा भिंतीला चिकटायचे, त्या बाई हे बोलल्या होत्या, आणि आभाळ कोसळलं नव्हतं.

अशा वेळी आभाळ कोसळायला थोडा उशीर झालेला असतो, एवढंच. बाहेर ढोल वाजला, ट्रकचा भोंगा किंचाळला आणि दार धाडकन उघडून मुतवल्ली आत आला. अंगावर लाकडाचा भुसा, डोळे लाल.

"उठा! उठा सगळे! नवरीची आई सामानाची वरात घेऊन दारात उभी आहे! ट्रक आज मिळाला म्हणून आजच न्यायचं म्हणते. खुर्च्या कुठायत म्हणून भर बाजारात माझी अब्रू काढली तिनं! सकाळीच निरोप पाठवला होता मी!"

"आमच्याकडे निरोप आलाच नाही," रिफअत म्हणाले.

मुतवल्ली गर्रकन वळला. दाराशी हातिम उभा होता. बापाचा निरोप घेऊन तो सकाळीच आला होता, पण बंद दारावर 'सत्र चालू आहे' ही पाटी वाचून, आत तपासनीस बाई आहेत हे ऐकून, त्याची आत यायची हिंमत झाली नव्हती. तो तेव्हापासून भिंतीशी उभा होता.

"का रे? पाय मोडले होते? वाचा बसली होती?" मुतवल्ली गरजला.

आणि हातिम हसला.

सगळ्यांनी पाहिलं. तेच ते हसू, ज्याच्यावर शाळेचं एकमत झालं होतं. मुतवल्लीचा हात वर गेला.

"उस्ता!!"

रिफअतच्या त्या हाकेनं छपरावरची कबुतरं उडाली. ढोलवाला वाजवायचा थांबला. आठवडेच्या आठवडे कोंडून ठेवलेला आवाज एकदम सुटला होता. मुतवल्लीचा हात हवेत थांबला खरा, पण हातिम आता दोघांच्या मध्ये उभा राहून आणखी जोरात हसू लागला, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो. तपासनीस बाईंची लेखणी वहीवर टेकली.

रिफअतना स्वतःचा आवाज भिंतीवरून परत ऐकू आला आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. त्यांनी काय केलं असेल? दुसरा कुणी असता तर तपासनीसांच्या देखत अब्रू सावरायला दोन सुविचार बोलला असता. रिफअत सोनेरी खुर्ची सोडून जमिनीवर बसले. कोटासकट, इस्त्रीच्या पँटसकट, अख्ख्या शिक्षकवर्गासमोर मांडी घालून, पोराच्या पायाशी.

"चुकलं माझं. मीही ओरडलो," ते म्हणाले. "हातिम, मला सांग, पोटात काय होतंय?"

हातिम हसत हसतच म्हणाला, "गोळा येतो."

"आणि मग?"

"मग हसू येतं. मी नाही आणत. आपोआप येतं. आवरायला गेलं की जास्त येतं." आणि बोलता बोलता त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते कुणालाच कळलं नाही. त्यालाही नाही.

"मलाही येतं," रिफअत म्हणाले. "प्रशिक्षणात सत्तर शिक्षकांसमोर आलं. दात काढून खिदळत होतो मी, आणि खरं तर घाबरलो होतो." मग मान वर करून ते मुतवल्लीला म्हणाले, "उस्ता, तो आपल्याला हसत नाही. तो आपल्याला घाबरतो. तुम्हालाही आणि मलाही. मी त्याला उद्धट ठरवलं, तुमच्याकडे तक्रार केली. मला वाचता आलं नाही ते."

मुतवल्लीनं हात खाली आणला. तो त्या हाताकडे असा बघत राहिला, की जणू कुणी त्याच्या दुकानात भलत्याच मापाचं हत्यार ठेवून गेलं आहे. मग तो पुढे झाला आणि बाहीनं मुलाचं नाक पुसलं. भुशामुळे पोराला सटासट शिंका आल्या.

"खुर्च्या!" दारातून नवरीच्या आईचा आवाज आला. "आज मिळणार की नातवंडांच्या लग्नात?"

अब्ला इनसाफ उठल्या. त्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि स्वतःची खुर्ची उचलून डोक्यावर घेतली. "बघता काय?" त्या शिक्षकवर्गावर कडाडल्या. "वर्तुळ मोडा, रांग करा!"

ट्रकमध्ये पलंग आणि कपाटं भरून जागाच उरली नव्हती, म्हणून खुर्च्या पायी निघाल्या. पुढे ढोल, मग भोंगे वाजवणारा ट्रक, त्याच्यामागे सोनेरी खुर्च्या डोक्यावर घेतलेला माध्यमिक शाळेचा समस्त शिक्षकवर्ग. खेळाच्या मास्तरांनी दोन उचलल्या होत्या. तपासनीस बाईंनी वही पिशवीत टाकून सिंहासनाचा एक हात धरला होता आणि दुसरा भांडारातल्या बुश्रांनी. दुसऱ्याच्या जिम्म्यातली खुर्ची उचलायला त्यांना कसलीच भीती वाटत नव्हती. बाल्कन्यांमधून बायका तोंडावर हात धरून आनंदाचे चीत्कार करत होत्या. लबीब साहेब वरून ओरडले, "उस्ताद, वजन उचलू नका! तुम्हाला भावना आहेत!" आणि करीमाननं खिडकीतून मूठभर मीठ उधळलं, दृष्ट लागू नये म्हणून. नवरीला, का नवऱ्याला, ते तिनं सांगितलं नाही.

मुतवल्ली रिफअतच्या बरोबरीनं चालत होता. नाईलच्या काठाचं वळण आल्यावर म्हणाला, "उस्ताद, मला ओरडण्याशिवाय दुसरं काही येत नाही हो. माझा बाप ओरडायचा. रंधासुद्धा ओरडून शिकलो मी. ओरडायचं नाही, तर बापानं करायचं काय?"

रिफअतनी डोक्यावरची खुर्ची सावरली. उत्तर माहीत नसताना ते ठोकून देणं हा शिक्षकाचा जन्मसिद्ध हक्क. पण आज त्यांनी तो बजावला नाही.

"मलाही अजून नीट येत नाही. मघाशी पाहिलंत ना? पुढच्या आठवड्यात परत जायचंय बाईंकडे. विचारतो."

"मी आलो तर चालेल का? मागे बसेन. काही बोलणार नाही."

"बोलावं लागतं," रिफअत म्हणाले. "तीच तर पंचाईत आहे."

पुढे हातिम चालला होता, दोन्ही हातांनी डोक्यावरची खुर्ची धरून. ढोलवाल्यानं ताल बदलला तशी खेळाच्या मास्तरांनी दोन खुर्च्यांसकट कंबर हलवायला सुरुवात केली. त्यांच्या पँटची शिवण टर्रकन उसवली. हातिम मान मागे टाकून हसला.

मुतवल्ली जागच्या जागी थबकला. त्यानं रिफअतच्या बाहीला धरलं आणि घाबऱ्या, अजिजीच्या आवाजात विचारलं, "उस्ताद... हे आता कोणतं?"

रिफअतनी नीट पाहिलं. मग म्हणाले, "हे हसूच आहे, उस्ता. चला."